लातुरातला एक गृहपाठ वर्ग : मुलांबरोबर पालकांनाही अभ्यास देणारा

बारावीच्या आणि नीटच्या तयारीसाठी राज्यभरातून विद्यार्थी ज्या शहरात येऊन राहतात, त्या लातुरात तिसरी-चौथीतल्या मुलाचा रोजचा गृहपाठ शांतपणे करून घेणारी जागा सापडणे मात्र कठीण आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर झाले. सराव, पुन्हा सराव आणि प्रश्नपत्रिकेवर प्रश्नपत्रिका ही त्याची ओळख. ती पद्धत हळूहळू प्राथमिक वर्गांपर्यंत झिरपली असून, दुसरीतल्या मुलाच्या शिकवणीतही आता दर रविवारी ‘टेस्ट’ असते आणि तिचे गुण पालकांच्या मोबाइलवर येतात. अशा वातावरणात औसा रोडच्या एका आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत चालणारा एक गृहपाठ वर्ग आम्हाला वेगळा वाटला आणि गेल्या जूनपासून आमची दोन्ही मुले, म्हणजे चौथीतली मुलगी व सातवीतला मुलगा, तिथे जात आहेत. जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई हा वर्ग चालवतात. त्यांच्या मदतीला डी.एड. झालेल्या दोन तरुण शिक्षिका आहेत. जाहिरात नको, असा बाईंचा आग्रह असल्याने वर्गाचे आणि त्यांचे नाव येथे देत नाही. गल्लीत ‘बाईंचा वर्ग’ असे विचारले तरी कोणीही जिना दाखवते.

निष्कर्ष आधीच सांगतो. ज्यांना मुलाची वही पूर्ण होऊन, नीटनेटकी, शाळेत मिरवण्याजोगी घरी यायला हवी आहे, त्यांनी येथे पैसे घालवू नयेत. ज्यांना संध्याकाळी घरात अभ्यासावरून होणारी रडारड थांबायला हवी आहे आणि त्यासाठी स्वतःही थोडे शिकायची तयारी आहे, त्यांना महिन्याचे सहाशे रुपये जड वाटणार नाहीत. या वर्गाची प्रवेशाची अटच अशी आहे की मुलाबरोबर घरातल्या एका मोठ्या माणसाचे नाव नोंदवावे लागते. त्या माणसाने महिन्यातून एका शनिवारी वर्गात येऊन बसायचे असते आणि रोज घरी दहा मिनिटे, फार तर पंधरा, बाईंनी सांगितलेले काम करायचे असते. पालकांनाच गृहपाठ, असे म्हणून आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांनी पहिल्याच भेटीनंतर नाव मागे घेतले.

वर्गाची वेळ साडेपाच ते सात. पाचवीपर्यंतची मुले एका खोलीत, सहावी-सातवीची दुसऱ्या खोलीत. प्रत्येक गटात चौदापेक्षा जास्त मुले घेतली जात नाहीत. प्रवेशाच्या दिवशी परीक्षा नसते. मूल काय वाचू शकते ते मात्र पाहिले जाते. अक्षरे, सुटे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि मग छोटी गोष्ट असा तो क्रम आहे. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून जे ‘असर’ सर्वेक्षण करते, त्यातही मुलांचे वाचन याच पायऱ्यांनी तपासतात आणि त्यातली सर्वांत वरची पायरी दुसरीच्या पातळीच्या मजकुराची असते, हे आम्हाला त्या दिवशी बाईंकडून कळले. आमची मुलगी गोष्ट भराभर वाचून गेली. ‘आता काय वाचलेस ते सांग,’ असे म्हटल्यावर मात्र ती गप्प राहिली. बाईंनी तिच्या नावापुढे ‘वाचन चांगले, सांगणे कच्चे’ एवढेच लिहिले. पुढच्या महिन्यांत तिच्यावर जे काम झाले, ते सगळे या एका ओळीवर झाले.

हा वर्ग शिकवणी नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण येणारे निम्मे पालक शिकवणी समजूनच येतात. येथे पुढचा धडा आधी शिकवला जात नाही. शिष्यवृत्ती परीक्षेची किंवा नवोदयच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतली जात नाही. शाळेने जे दिले तेवढेच काम, मुलाने स्वतः करायचे आणि शिक्षिकांनी फक्त अडला तिथे थांबवून विचारायचे, एवढाच व्यवहार. पहिल्या पंधरा मिनिटांत कोणीही पेन उघडत नाही. प्रत्येक मूल आपला प्रश्न मोठ्याने वाचते आणि तो आपल्या शब्दांत शेजारच्याला सांगते. गणितातल्या शाब्दिक उदाहरणांत याचा फायदा लगेच दिसतो. ‘एकूण’ आले की बेरीज आणि ‘उरले’ आले की वजाबाकी, असे ठोकताळे मुलांनी कुठून तरी उचललेले असतात आणि उदाहरण जरा फिरवून विचारले की ते कोसळतात. प्रश्न तोंडाने सांगायला लावला की हे ठोकताळे आपोआप उघडे पडतात. मग मूल स्वतःच म्हणते की यात काय विचारले आहे तेच मला समजले नाही. आणि एकदा हे कबूल झाले की पुढचे काम सोपे असते.

मूल अडले तर शिक्षिका उत्तर देत नाहीत, पहिली पायरीही सांगत नाहीत. ‘यातले तुला काय माहीत आहे?’, ‘असे उदाहरण आधी कुठे सोडवले होतेस?’, ‘चित्र काढून दाखवता येईल का?’ असे काही ठरावीक प्रश्न आहेत, तेवढेच त्या विचारतात. मुलगा त्यांना कंटाळून सुरुवातीला घरी तक्रार करायचा की तिथे कुणाला काही येतच नाही, सगळे आपल्यालाच विचारतात. चुकलेले उत्तर खोडरबराने पुसायला मनाई आहे. त्यावर एक आडवी रेघ मारून खाली नवे उत्तर लिहायचे. सात वाजले तरी चूक तशीच असेल तर ती तशीच शाळेत जाते, कारण आपल्या विद्यार्थ्याला काय येत नाही हे शाळेतल्या शिक्षकाला कळण्याचा गृहपाठाखेरीज दुसरा सोपा मार्ग नाही, अशी बाईंची भूमिका आहे. पालकांनी दुरुस्त करून पाठवलेली वही शिक्षकाची फसवणूक करते, हे त्या पहिल्याच बैठकीत स्पष्ट शब्दांत सांगतात.

या भूमिकेचा त्रासही होतो आणि तो या परीक्षणात यायला हवा. पहिल्या सहामाहीत मुलाच्या वहीवर दोनदा लाल शाईत ‘पालकांनी लक्ष द्यावे’ असा शेरा आला. ज्या शाळेत पूर्ण आणि बिनचूक वहीलाच अभ्यास समजतात, तिथे हा वर्ग पालकांना अडचणीत आणतो. बाईंनी त्यावर एक छापील चिठ्ठी केली आहे. ‘हे उदाहरण मुलाने स्वतः सोडवले आहे. येथे अडचण आली,’ अशा दोन ओळी त्यावर असतात आणि खाली पालकाची सही. आमच्या मुलाच्या गणिताच्या सरांनी ती चिठ्ठी वाचून त्याला दुसऱ्या दिवशी फळ्यावर बोलावले. मुलीच्या वर्गात ती चिठ्ठी न वाचताच परत आली. दोन्ही गोष्टी एकाच शाळेतल्या आहेत, त्यामुळे शाळा चांगली की वाईट असा निकाल देण्यात अर्थ नाही. मात्र प्रवेश घेण्याआधी पालकांनी आपल्या मुलाच्या वर्गशिक्षकांशी एकदा बोलून घ्यावे, हे बाईंनी सांगायला हवे होते आणि ते त्या सांगत नाहीत.

शनिवारची पालकांची बैठक हा या वर्गातला सर्वांत मोलाचा भाग. ती तासाभराची असते आणि तिच्यात भाषण नसते. पहिल्याच बैठकीत बाईंनी फळ्यावर ४०३ वजा १७८ असे लिहिले आणि आम्हा पालकांना वहीत सोडवायला सांगितले. बहुतेकांचे उत्तर २२५ आले, पण रीत दोन प्रकारची निघाली. माझ्या वयाच्या काही जणांनी तिनाचे तेरा केले, तेरातून आठ वजा करून पाच लिहिले आणि हातचा एक खालच्या सातात मिळवला. मग वरच्या शून्याचे दहा, त्यातून आठ जाऊन दोन, पुन्हा हातच्याने खालच्या एकाचे दोन, आणि चारातून दोन गेले दोन. मुलांच्या पुस्तकातली रीत वेगळी आहे. तिथे चार शतकांतले एक शतक सुटे करून दहा दशक होतात, त्या दहातला एक दशक सुटा करून तेरा एकक होतात आणि मग वरचा आकडा तीन शतक, नऊ दशक, तेरा एकक असा मांडून सरळ वजाबाकी करतात. खालच्या ओळीला कोणी हात लावत नाही. उत्तर दोन्हीकडे तेच. पण रात्री साडेआठला थकलेल्या बापाने ‘अगं, खालच्यात एक मिळव’ म्हटले की वरच्यातून एक घ्यायला शिकलेल्या मुलीचा सगळा डाव विस्कटतो, ती शाळेची रीत सांगू लागते, बापाला ती उलट बोलते आहे असे वाटते आणि आवाज चढतात. बैठकीत हे आम्ही एकमेकांच्या वहीत पाहिले. त्यानंतरचा नियम साधा आहे. रीत मुलाला विचारायची, आपली सांगायची नाही. आपली रीत दाखवायचीच असेल तर मुलाचे उत्तर आल्यानंतर, पडताळा म्हणून दाखवायची.

याच बैठकांना एक आजी येतात. त्यांचा मुलगा आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दोन नातवंडे आजीपाशी असतात. बीडपासून लातूरपर्यंत अशी घरे कमी नाहीत आणि ‘पालक’ या शब्दाखाली शाळा ज्यांना बैठकीला बोलावते ते आईवडील त्या दिवशी एखाद्या कारखान्याच्या फडात असतात. आजी पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘मला वाचाया येत न्हाई बाई, म्या काय बघावं लेकरांचं?’ बाई म्हणाल्या, ‘वाचू नका. ऐका.’ आजींचे काम एवढेच ठरले की नातू रोज एक परिच्छेद त्यांना वाचून दाखवणार आणि त्यांनी त्याला दोन प्रश्न विचारायचे : पुढे काय झाले, आणि असे का झाले. आजींना मजकूर माहीत नसल्याने त्यांचे प्रश्न खरेच प्रश्न असतात. मुलाला खोटे सांगून वेळ मारून नेता येत नाही, कारण गोष्ट जुळली नाही की आजी लगेच अडवतात. शिकलेल्या पालकाला हे जमत नाही, असे मला आता वाटू लागले आहे. उत्तर आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे मुलाने निम्मे बोलले की आपण पुढचे निम्मे जोडून घेतो.

प्रकल्प वहीच्या बाबतीत हा वर्ग विशेष चांगला आहे. दिवाळीनंतर शाळांतून प्रकल्पांची यादी येते आणि मग दुकानांतून तयार चित्रांचे तक्ते, थर्माकोल आणि चकचकीत कागद यांची खरेदी सुरू होते. रात्री जागून तो प्रकल्प आई करते आणि मूल झोपते. बाईंच्या वर्गात विकतचे चित्र चिकटवायला परवानगी नाही. सहावी-सातवीच्या गटाला ‘नैसर्गिक आपत्ती’ हा विषय शाळेतून आला होता. बाईंनी प्रत्येकाला घरातल्या किंवा शेजारच्या, १९९३ साली जाणत्या वयाच्या असलेल्या एका माणसाशी बोलून यायला सांगितले. प्रश्न वर्गात बसून मुलांनीच तयार केले. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात धरणी हलली, आदल्या रात्रीच्या गणेश विसर्जनाने थकलेली गावे गाढ झोपेत होती आणि माती-दगडाच्या जाड भिंतींखाली माणसे गाडली गेली, हे पुस्तकात चार ओळींत उरकते. माझ्या आईने नातवाला त्या रात्रीनंतर महिनाभर आम्ही अंगणात कसे झोपलो, कोणत्या नातलगांचे निरोप आले, पत्र्याची घरे कशी वाढली, हे सांगितले. मुलाने ते आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत सहा पानांत उतरवले. त्यात शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. कोणीही त्या सुधारल्या नाहीत, आणि घरातल्या मोठ्या माणसाचे काम फक्त प्रश्नाला उत्तर देण्याचे होते, हे मला फार आवडले.

गणितातही उदाहरणे जवळची असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिली गाडी एप्रिलमध्ये आली, तिला दहा वाघिणी होत्या, पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या आणि एका वाघिणीत सुमारे ५०,००० लिटर पाणी असे. या माहितीवर बाईंनी गुणाकार दिला. पन्नास वाघिणींचे २५ लाख लिटर होतात हे मुलांनी काढल्यावर, आपल्या घरी दिवसाला किती पाणी लागते ते बादल्यांनी मोजून आणायला सांगितले आणि ती गाडी तशा किती घरांना एक दिवस पुरली असती ते विचारले. दिवसाला २०० लिटर वापरणाऱ्या घरांचा हिशेब केला तर साडेबारा हजार घरे, असे उत्तर येते. शहरात घरे किती आणि मग बाकीच्यांचे काय, हा प्रश्न एका मुलीने स्वतःहून विचारला. शून्ये मोजण्यात चुकणारी मुले त्या दिवशी शून्यांवरून भांडत होती.

बाई पालकांना सरकारी धोरणाचा एक कागदही देतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त १ तास आणि नववीपासून पुढे दिवसाला २ तासांपर्यंत, असे सुचवले आहे. चौथीतल्या मुलीला रोज सव्वा तास लागत असेल, तर ती आठवड्याच्या मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त काम करते आहे हे त्या कागदावरून दिसते. तो कागद घेऊन शाळेत वाद घालायला जाऊ नका, असे बाई बजावतात. त्या कागदाचा त्या करतात तो उपयोग वेगळा आहे. त्या प्रत्येक मुलाला काम संपवायला किती वेळ लागला ते मागच्या पानावर लिहायला लावतात, आणि वेळ फारच वाढला तर काम जिथे असेल तिथे थांबवतात. चौथीचे मूल पाऊण तासानंतर जे लिहिते ते हाताचे काम असते, डोक्याचे नसते, असे त्यांचे म्हणणे. मुलीच्या वहीतली शेवटच्या दहा ओळींची अक्षरे पाहिली तर ते पटते.

घरी करायच्या दहा मिनिटांबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही, पण त्यातली एक-दोन पथ्ये उपयोगी आहेत. मुलाला ‘अभ्यास झाला का?’ असे विचारायचे नाही, कारण त्याचे उत्तर ‘हो’ हेच असते. ‘आज कशावर अडलास?’ असे विचारायचे. मूल लिहीत असताना शेजारी बसणाऱ्याने मोबाइल हातात घ्यायचा नाही, स्वतःचे कागदाचे काही काम असेल तर ते करावे. मी आडत दुकानात हिशेब लिहितो, तेव्हा पट्ट्या आणि पावत्या घरी आणून मुलाशेजारी बसतो. क्विंटल, हमाली, तोलाई यांचे आकडे त्याला दिसतात आणि शेकडेवारी नावाचा धडा बाजार समितीत रोज चालतो हे त्याला कळले आहे. पुस्तक शाळेत विसरले तर रात्री शेजाऱ्यांची दारे वाजवण्याची गरज नसते, हेही बैठकीतच कळले. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात आणि पुस्तकांवरचा क्यूआर कोड दीक्षा ॲपमधून वाचला की त्या पाठाशी जोडलेले साहित्य उघडते. दीक्षा २०१७ पासून सुरू आहे, क्यूआर कोड आमच्या घरातल्या पुस्तकांवर इतकी वर्षे होता, पण तो दुकानातल्या पाकिटांवर असतो तसाच काहीतरी असेल असे आम्ही धरून चाललो होतो. बाईंचा सल्ला असा की चित्रफीत पालकाने आधी पाहावी, मुलाला नंतर दाखवावी आणि एका वेळी एकच दाखवावी.

आता उणिवा. सेमी इंग्रजीच्या मुलांसाठी हा वर्ग अपुरा आहे. मुलाचे गणित आणि विज्ञान इंग्रजीत आहे, आणि दोन्ही तरुण शिक्षिकांची त्या भाषेवर पकड बेताची आहे. प्रश्न आपल्या शब्दांत सांगण्याची जी पद्धत मराठी माध्यमाच्या मुलांना इतकी मानवते, ती इथे अडखळते, कारण मुलाला प्रश्न मराठीत समजतो पण उत्तर इंग्रजी वाक्यात लिहायचे असते आणि त्या वाक्याशी झगडण्यात सगळा वेळ जातो. विज्ञानाच्या व्याख्या शेवटी पाठच होतात. ज्या घरात इंग्रजी वाचणारे कोणी नाही आणि मूल सेमीला आहे, त्या घराची नेमकी हीच नड असते, आणि ती येथे भागत नाही. बाईंना हे सांगितले असता त्यांनी ते मान्य केले आणि त्या विषयांसाठी आठवड्यातून दोन दिवस एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला बोलावण्याचा विचार असल्याचे सांगितले. अजून तरी तसे कोणी आलेले नाही.

दुसरी उणीव बैठकीच्या वेळेची. शनिवारी दुपारी चार ही वेळ आईने यायचे असे गृहीत धरून ठरवलेली आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. सोयाबीनच्या हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बाजार समितीत काम करणारा माणूस चार वाजता मोकळा नसतो. ज्यांचे स्वतःचे दुकान आहे त्यांचीही तीच गत. माझी पत्नी घरी शिलाईकाम करते, म्हणून दिवाळीच्या ऐन गर्दीत, हातातले ब्लाउज बाजूला ठेवून तिलाच जावे लागले. रविवारी सकाळची वेळ मागितली तर ‘बघू’ हे उत्तर मिळते. बैठकीला बापांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असते आणि वेळ बदलल्याशिवाय ती वाढणार नाही.

व्हॉट्सॲपचा गट हाही डोकेदुखीचाच भाग. त्यावर रोजचा गृहपाठ टाकण्याची सोय आहे. प्रत्यक्षात शुभेच्छा, देवांची चित्रे आणि ‘कोणी पान नंबर ४२ चे उत्तर पाठवता का’ असे संदेश यांचीच गर्दी होते. उत्तरे मागण्यास आणि देण्यास बाईंची बंदी आहे, तरी ती खासगीत फिरतातच. जागा लहान आहे, जिना अरुंद आहे, खाली दुचाक्या लावायला जागा नाही आणि सात वाजता सगळे पालक एकदम आले की गल्ली बंद होते. दिवे गेले तर इन्व्हर्टर आहे, पंखे मात्र चालत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये याचा विचार करावा.

तुलनेसाठी सांगायचे तर घरी येणारा शिक्षक आमच्या भागात एका मुलामागे दीड ते दोन हजार रुपये घेतो. त्याचा भर शाळेची वही पूर्ण करण्यावर असतो, आणि त्याला घरची माणसे ‘सर, एवढे होऊन जाऊ द्या’ असे म्हणतात तेव्हा त्याचाही नाइलाज असतो. सर्व विषयांची शिकवणी त्याहून स्वस्त पडते, पण तिथे तीस-चाळीस मुले एका खोलीत असतात आणि शाळेच्या गृहपाठावर शिकवणीचा गृहपाठ वेगळा चढतो. सहाशे रुपयांत बाईंचा वर्ग स्वस्त आहे यात शंका नाही. दोन भावंडे असतील तर दुसऱ्याचे चारशे घेतात. ज्या मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले आहेत त्यांच्याकडून हंगामभर शुल्क घेतले जात नाही, हे मला दुसऱ्या पालकाकडून कळले. बाई ते स्वतः सांगत नाहीत.

फरक काय पडला, असे विचाराल तर परीक्षेच्या गुणांत सांगण्याजोगा बदल नाही. मुलाला गणितात पूर्वीइतकेच गुण मिळतात. मुलगी मात्र आता वाचलेले सांगते, इतके की रात्री जेवताना तिला थांबवावे लागते. शिवरायांच्या पुस्तकातला आग्र्याहून सुटकेचा पाठ तिने आजीला तीन वेळा वेगवेगळ्या क्रमाने सांगितला आणि तिसऱ्या वेळी क्रम बरोबर आला. मुलाच्या बाबतीत एवढेच म्हणता येईल की गृहपाठाला बसण्यासाठी त्याला हाक मारावी लागत नाही आणि अडला तर तो वही फेकत नाही. चौथीपर्यंतच्या मुलांसाठी मी हा वर्ग निःशंकपणे सुचवीन, पाचवी ते सातवीच्या मराठी माध्यमासाठीही सुचवीन, सेमीसाठी थांबायला सांगेन, आणि शिष्यवृत्ती किंवा नवोदय डोळ्यांसमोर असेल तर त्या वर्षी दुसरीकडे जावे असे सांगेन.

नोंदणी दरवर्षी शाळा सुरू झाल्यावर जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात होते, मध्येच प्रवेश क्वचित मिळतो. पहिला आठवडा बिनशुल्क असतो आणि त्या आठवड्यात मूल व पालक दोघांनाही पाहून बाई हो किंवा नाही सांगतात. नाव नोंदवायला जाताना मुलाच्या जुन्या वह्या सोबत न्याव्यात, नव्या कोऱ्या नकोत. पालक म्हणून कोणाचे नाव द्यायचे ते घरी आधीच ठरवून जावे, कारण तो प्रश्न त्या मुलासमोरच विचारतात. सध्या तिसरी-चौथीच्या गटात जागा नाही. सहावीच्या गटात एक-दोन मुले जानेवारीत बाहेरगावी गेल्याने जागा झाल्या आहेत. संध्याकाळी साडेपाचच्या आधी गेल्यास बाई निवांत बोलतात.